एवढं झालं की निघतो

बायको गेली त्या दिवशी मला निरोप मिळाला तो अकरा वाजून पाच मिनिटांनी. मी कारखान्यातून बाहेर पडलो पावणेबाराला. संध्याकाळी मुलीने विचारलं तेव्हा मी सांगितलं, निरोपच पावणेबाराला मिळाला. मधली चाळीस मिनिटं त्या एका वाक्याने मी दुसऱ्या माणसाच्या अंगावर टाकली, आणि टाकताना ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. कारखान्यातून दवाखान्यात पोचायला पस्तीस मिनिटं लागतात. ती बारा वाजता गेली. लगेच निघालो असतो तर वीस मिनिटं मिळाली असती. त्या वीस मिनिटांत काय बोललो असतो ते मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही. आम्ही फार बोलणारे नव्हतो, म्हणजे मी नव्हतो.

मी रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम करतो. गिऱ्हाईक एक रंगवलेला पत्रा नमुना म्हणून देतं. टाकीतला आठशे लिटर रंग त्या पत्र्यासारखा दिसेपर्यंत त्यात थोडा पिवळा, थोडा काळा, कधी थेंबभर तांबडा असं घालत जायचं. प्रत्येक वेळी कोऱ्या पत्र्यावर रंगाची पट्टी ओढायची, भट्टीत दहा मिनिटं वाळवायची आणि उत्तरेच्या खिडकीपाशी नेऊन नमुन्याला लावून बघायची. रंग ओला असताना काही ठरवायचं नाही, वाळल्यावर तो बदलतो. आता रंग मोजायचं यंत्र आलं आहे. ते आकडे देतं. ते चालवणारे दोघे जण माझ्या शेजारच्याच टेबलावर असतात, आणि त्या दिवशीही होते. हे मुद्दाम सांगतो, कारण मी नसतो तर काम अडलं असतं असं कुणाला वाटू नये. अडलं नसतं.

आमच्या विभागात मोबाइल चालत नाही. थिनरची वाफ असते, ठिणगीची भीती. फोन फाटकाजवळच्या कपाटात ठेवून आत यायचं. बाहेरून कुणाला काही कळवायचं असलं तर ऑपरेटरला सांगायचं, तो आतल्या फोनवर देतो. या ऑपरेटरला सगळा कारखाना हॅलोकाका म्हणतो. सव्वीस वर्षं तो त्या बोर्डापाशी बसतो आहे, जेवतोही तिथेच. "आपला एक निरोप शिळा झालेला दाखवा," असं तो म्हणतो आणि कुणाला दाखवता येत नाही. मला तो मास्तर म्हणतो.

"मास्तर, घरून निरोप आहे. तुमच्या शेजारच्या काकूंचा. वहिनींच्या छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलंय. मोठ्या चौकातल्या. ताबडतोब या म्हणाल्यात."

"बरं," मी म्हणालो.

"गाडी सांगू का कंपनीची?"

"नको. एवढं झालं की निघतो."

त्याने फोन ठेवला. त्याला वाटलं असणार, एवढं म्हणजे हात धुणं, डगला काढणं. माझ्या हातात पट्टी होती. राखाडी रंग, विजेच्या पेट्यांना लावतात तो. पट्टी जराशी हिरवट दिसत होती. हिरवट दिसली की तांबडा घालायचा. घातला. टाकीतला पंखा पाच मिनिटं फिरू दिला, नवी पट्टी ओढली, भट्टीत ठेवली. दहा मिनिटं भट्टीसमोर उभा राहिलो. त्या दहा मिनिटांत माझ्या मनात काय होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. भट्टीच्या दाराला दोऱ्याने बांधलेले हातमोजे आठवतात, त्यातल्या एकाचा अंगठा फाटलेला होता. घड्याळ आठवतं. बायको आठवत नाही. पट्टी बाहेर काढली तर आता नमुन्यापेक्षा उजळ वाटली. काळा घातला, अगदी थोडा. पुन्हा पंखा, पुन्हा पट्टी, पुन्हा दहा मिनिटं. मग खिडकीपाशी नेली तेव्हा नमुना कुठला आणि पट्टी कुठली ते फक्त मागच्या बाजूच्या चिठ्ठीवरून कळत होतं. टाकीच्या कार्डावर वेळ टाकली, सही केली, डगला काढला आणि निघालो. नंतर पंधरवड्याने ते कार्ड मी काढून पाहिलं. अक्षर थरथरलं असेल असं मला वाटत होतं. अक्षर नेहमीसारखं होतं. यंत्रावरच्या एकाने सांगितलं, की वर्षभरात इतकी जवळची शेड कुणाची आली नव्हती. तो कौतुकाने बोलला. त्याला काही माहीत नव्हतं.

मुलीचं म्हणणं असं, की माणसाने कंपनीला बस समजावं. आपलं ठिकाण आलं की उतरायचं, ड्रायव्हरच्या गळ्यात पडायचं नाही. सहा वर्षांत तिने तीन नोकऱ्या बदलल्या आणि प्रत्येक वेळी तिचं काही बिघडलं नाही. मी दुसरीकडे कधी अर्ज केला नाही. एकदा एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं, तेव्हा मुलगी लहान होती. बायको म्हणाली, जाऊन तर या. मी गेलो नाही. आमच्याकडे तेव्हा नवी भट्टी बसवत होते. मी हे 'आमच्याकडे' फार वापरायचो. आमच्याकडे असं चालत नाही, आमच्याकडे पूर्वी डबे हाताने भरायचे, आमच्याकडे यंदा काम जास्त आहे. बायको भाजी चिरता चिरता मान वर करून विचारायची, "कुठल्या आमच्याकडे? या की त्या?" पाहुण्यांसमोरही विचारायची. एकदा तिच्या भावाने विचारलं, "दाजी, रविवारी तुमच्याकडे यावं म्हणतो." मी म्हणालो, "आमच्याकडे रविवारी बंद असतं." मी कारखान्याबद्दलच बोलत होतो, त्याला वाटलं, मी येऊ नको म्हणतोय. तो दोन महिने आला नाही. बायको ही गोष्ट सांगून इतकी हसायची की तिला पुढचं सांगता यायचं नाही, आणि पुढचं मला सांगावं लागायचं. आता ती गोष्ट कुणी सांगत नाही. मी एकटा सांगायला लागलो तर ती नुसती चुकीची गोष्ट वाटते.

ती जायच्या दोन महिने आधी कर्मचारी विभागातल्या बाईंनी सगळ्यांना एक फॉर्म वाटला होता. त्यामुळे त्यांचं नावच फॉर्मबाई पडलं. त्यांनी कँटीनमध्ये आम्हाला तासभर बसवून समजावलं, की माणूस कंपनीला तीन कारणांनी धरून राहतो. राहावंसं वाटतं म्हणून, राहावं लागतं म्हणून, किंवा राहायला पाहिजे असं वाटतं म्हणून. हॅलोकाका मागच्या बाकावरून म्हणाला, "आणि बाई, बस चुकली म्हणून?" सगळे हसले, बाईही हसल्या. हसताना त्यांनी ते चौथं कारण पाटीवर लिहायला घेतलं होतं, मग पुसलं. फॉर्मवर अठरा वाक्यं होती, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. अजिबात पटत नाही म्हणजे एक, पूर्ण पटतं म्हणजे पाच. वर आपलं नाव. मी तो घरी आणला, कारण मला असली कामं जमत नाहीत. जेवणं झाल्यावर बायको पेन घेऊन बसली.

"‘ही कंपनी सोडण्याचा विचार माझ्या मनात वरचेवर येतो.’ येतो का?"

"नाही."

"आणि घर सोडण्याचा?"

"तो फॉर्मात आहे का?"

"नाही हो. मीच विचारते. ‘कंपनीत मला घरच्यासारखं वाटतं.’ इथे पाच. घरी कंपनीसारखं वाटतं का, ते यांनी विचारलेलं नाही, नाहीतर तिथेही पाच."

मी तिला ती तीन कारणं सांगितली. ती म्हणाली, लग्नाचं तरी काय वेगळं असतं. मी विचारलं, तुझं यातलं कुठलं? ती म्हणाली, "माझं वारावर आहे. सोमवार ते शनिवार राहावंसं वाटतं. रविवारी तुम्ही घरी असता, तेव्हा राहावं लागतं." मग तिने चष्मा वर सरकवून पुढचं वाचलं. "‘या कंपनीच्या अडचणी मला माझ्याच वाटतात.’ पाच. आणि माझ्या अडचणी?"

"तू सांगतच नाहीस."

"सांगते. तुम्ही म्हणता, एवढं झालं की बघतो. तुमचं एवढं केवढं असतं ते मला माहीत आहे." ती रागावलेली नव्हती. खूण करून ती पुढच्या वाक्याकडे गेली. तिच्या खुणेला लांब शेपूट असायचं, पुढच्या चौकटीपर्यंत जाणारं. भाज्यांच्या यादीवरही ती तशीच खूण करायची.

त्या चाळीस मिनिटांना मी फॉर्मबाईंची तिन्ही कारणं लावून पाहिली. मला तिथे राहावंसं वाटत होतं का? नाही. राहावं लागत होतं का? कुणी अडवलं नव्हतं, गाडीसुद्धा मिळत होती. राहायला पाहिजे असं वाटत होतं का? त्या गिऱ्हाइकाचं मला नावही आठवत नाही. दुःखाबद्दल बोलणारे लोक म्हणतात, मनाला सहन होत नाही म्हणून मन ऐकायचंच टाळतं. पट्टी वाळेपर्यंत ती बातमी खरी व्हायची नव्हती, असं काहीतरी. हे ऐकायला बरं वाटतं. पण हे नंतर सुचलेलं आहे, आणि नंतर सुचलेल्यावर माझा विश्वास बसत नाही. मला जे आठवतं ते इतकंच, की पट्टी हिरवट दिसत होती. माझ्या डोळ्याला हिरवट दिसलेली वस्तू तशीच सोडून मी एकोणतीस वर्षांत कधी उठलो नव्हतो. त्याला कुणी निष्ठा म्हणत असेल तर म्हणो. मुलगी आजारी असतानाही मी असाच उशिरा गेलो होतो, सासरे गेले तेव्हाही. तेव्हा सगळं निभावलं, म्हणून त्याला कामसूपणा म्हणाले. बायकोने मात्र कधी तो शब्द वापरला नाही.

तेरा दिवसांनी मुलगी शेजारच्या काकूंशी बोलत होती आणि मी आतल्या खोलीत होतो. काकू सांगत होत्या, "मी अकराला फोन केला गं, पोरी. घड्याळात बघूनच केला. तो काका म्हणाला, आत्ता सांगतो." मुलगी आत आली. तिचा चेहरा तिच्या आईसारखा नाही, पण राग आला की होतो.

"मग पाऊण तास निरोप कुणाच्या खिशात होता, बाबा?"

मी चादरीची सुरकुती ओढून सरळ केली. मी न बोलणं तिला नवीन नव्हतं.

"एकोणतीस वर्षं दिलीत तुम्ही त्यांना. आणि त्यांना एक निरोप देता आला नाही."

तिने कंपनीला पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, एकही शब्द जास्त नव्हता. आठवड्याने हॅलोकाकाच्या हातात कागद पडला. निरोप पोचवण्यात हलगर्जी, बोर्डावरून काढून एक तारखेपासून गोदामात बदली. त्याची नोकरी संपायला दहा महिने उरले आहेत. पगार तोच राहणार होता, गोदामात सावली आहे, कामही हलकं. लोक त्याला म्हणाले, सुटलास. दुपारी हात धुवायच्या नळावर तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मास्तर, मी तुम्हाला किती वाजता सांगितलं?"

"अकरा पाच."

"म्हणजे आठवतंय."

"आठवतंय."

तो हात धूतच राहिला. त्याच्या हाताला धुण्यासारखं काही नसतं.

"मला वाटलं, विसरला असाल. घरी मी तसंच सांगितलं. आमची ही म्हणाली, माणूस हबकतो, वेळेचं भान राहत नाही, तुम्ही त्यांना काही बोलू नका. म्हणून गप्प होतो."

"विसरलो नाही."

"विसरला असतात तर बरं झालं असतं," तो म्हणाला. मग नळ बंद केला. "गोदामाचं काही नाही हो. डबे काही फोन करत नाहीत, शांत झोप लागेल. पण वहिनींचा निरोप मी दाबून ठेवला, असं हे लोक म्हणतात. रोज साडेचारला त्यांचा फोन यायचा. आधी मला विचारायच्या, काका, तुमच्या गुडघ्याचं कसं आहे, आणि मग म्हणायच्या, द्या आमच्या रंगाऱ्याला."

साडेचारचा फोन मला माहीत होता. त्याआधी ती गुडघ्याचं विचारायची हे माहीत नव्हतं. 'रंगारी' हेही मला माहीत नव्हतं. मी त्याला म्हणालो, मी सांगतो. तो म्हणाला, "कधी?" मी म्हणालो, आजच. आणि मी खरंच त्याच दिवशी फॉर्मबाईंकडे गेलो.

त्यांनी बसायला सांगितलं. मी उभ्यानेच म्हणालो, "निरोप मला अकरा पाचला मिळाला होता. मी थांबलो. हॅलोकाकाची चूक नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "काका तुमच्याशी बोलले का?"

"बोलले."

"वाटलंच मला. बसा ना."

मी बसलो. त्या हळू आवाजात बोलायला लागल्या, आजारी माणसाशी बोलतात तसं. "तुम्ही त्यांना सांभाळून घेताय. इतकी वर्षं एकत्र काम केलेली माणसं असंच करतात, पुस्तकातसुद्धा दिलंय. पण तुम्ही स्वतःवर का घ्यायचं? तुमचं दुःख काय कमी आहे?"

"मी खरं सांगतोय."

"बायको दवाखान्यात आहे असं कळल्यावर कुठला माणूस चाळीस मिनिटं रंग ढवळत बसेल? आणि तुमच्यासारखा? थांबा, दाखवते." त्यांनी खणातून माझा फॉर्म काढला. "अठरांपैकी सतरा ठिकाणी पाच. सगळ्या कारखान्यात दुसरा नाही असा. इतकं मन लावणारा माणूस घरच्यांच्या बाबतीत कसा असेल, ते आम्हाला कळतं हो."

फॉर्म त्यांनी माझ्याकडे फिरवला. सतरा शेपट्या एका ओळीत खाली उतरत होत्या. मी म्हणालो, "हे मी भरलेलं नाही. माझ्या बायकोने भरलंय."

मला वाटलं, आता तरी त्या ऐकतील. फॉर्मकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले. पाण्याचा पेला माझ्यासमोर सरकवून त्या म्हणाल्या, "म्हणजे घरच्यांनाही कंपनी इतकी आपली वाटत होती."

मी पाणी प्यालो. त्यांनी कामाचं सांगितलं. तक्रार मुलीची आहे. मुलीने लेखी मागे घेतली तरच बदली थांबवता येईल, तीस तारखेच्या आत. नंतर घेतली तरी बघता येईल, पण नंतरचं नंतर. त्यांनी एक छापील अर्जही दिला. खाली सहीची जागा होती आणि वर ‘कारण’ असं लिहून तीन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या.

रविवारी मुलगी आली. आईचं कपाट तीच आवरते, मला ते जमत नाही. खाटेवर साड्यांचे दोन ढीग होते, ठेवायच्या आणि द्यायच्या. बऱ्याच साड्या तिने आधी द्यायच्या ढिगात टाकल्या आणि मग परत उचलून दुसऱ्या ढिगात ठेवल्या. मी दारात उभा होतो. अर्ज शर्टाच्या खिशात होता.

"तुझ्या त्या पत्राबद्दल बोलायचं होतं," मी म्हणालो.

"बाबा, त्यांची बाजू घेणार असाल तर नका बोलू."

"बाजू नाही. तो ऑपरेटर म्हणतो—"

"तो काहीही म्हणेल." तिने साडीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "काकू सांगत होत्या, आई शेवटपर्यंत विचारत होती. आले का? आले का? काकू म्हणत होत्या, येतायत, वाटेत आहेत. मी रोज स्वतःला सांगते, बाबांना माहीतच नव्हतं. माहीत असतं तर ते धावत गेले असते. लहानपणापासून मी तुम्हाला कशाकशावरून बोलले, बाबा, पण एवढं मला माहीत आहे. तेवढ्यावर मी उभी आहे. ते नका हलवू."

ती मला धरून रडली. लग्न झाल्यापासून ती माझ्याजवळ रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खिशातला कागद आमच्या दोघांच्या मध्ये चुरगळत होता, त्याचा आवाज मला येत होता, तिला येत नव्हता. ती मला गमावेल की मी तिला, असा विचार मी केला. एका माणसाची सव्वीस वर्षं एका बाजूला आणि ही पाठ एका बाजूला, हेही मनात आलं. खरं तर असं काही ठरवावं लागलं नाही. ती रडायची थांबली, डोळे पुसले, म्हणाली, "काय म्हणत होतात?" मी म्हणालो, "काही नाही, चहा टाकतो." ओट्यापाशी उभा राहून पाणी उकळायची वाट पाहिली. त्या वेळी मात्र मला सगळं आठवत होतं.

तीस तारीख गेली. एक तारखेला हॅलोकाका गोदामात गेला. बोर्डावर आता एक बाई बसतात, त्या निरोप व्यवस्थित देतात आणि प्रत्येक निरोपाची वेळ लिहून ठेवतात. तशी सूचनाच निघाली आहे. हॅलोकाका मला रोज दिसतो. तो अजून मास्तर म्हणतो, पण आधी मी बोलल्याशिवाय बोलत नाही. त्याने कुणाला काही सांगितलेलं नाही, माझ्या मुलीचा नंबर त्याच्याकडे असूनही. नोकरी संपायला त्याला नऊ महिने उरले आहेत. मुलगी दर रविवारी येते, पाच-सहा तास असते. अर्ज इस्त्री करून सपाट केला आहे. ‘कारण’ या शब्दाखालच्या तीन ओळी मी माझ्या अक्षरात भरल्या आहेत, तारीख आणि वेळेसकट. खाली तिची सही लागते, आणि सही करायच्या आधी तिला ते वाचावं लागेल. तिला मी अजून सांगितलेलं नाही.